पूर्वजांची नोंद कोठे शोधावी : श्राद्धतिथी, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि मृत्यू नोंदवही

आमच्या परदेशात शिकणाऱ्या नातीला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितले होते. तिच्या वर्गातली मुले दफनभूमीत जाऊन दगडावरची नावे, जन्माची आणि मृत्यूची साले उतरवून आणतात. अशा दगडांचे फोटो आता संकेतस्थळांवरही पाहायला मिळतात. तिने फोनवर विचारले, “आजोबा, आपल्या खापरपणजोबांचा दगड कुठे आहे?” मी म्हटले, दगड नाही, अस्थी नर्मदेत गेल्या. त्यावर ती म्हणाली, “मग ते होते हे आपल्याला कसं कळतं?”

प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांत दहनाची चाल असल्यामुळे थडगे हा पुरावा नाही. पण माळव्यात आणि ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबादकडे पाच-सात पिढ्यांपूर्वी आलेल्या मराठी घरांच्या मृत्यूच्या नोंदी इतर ठिकाणी बऱ्याच शिल्लक आहेत. त्या कोठे असतात, कशा वाचायच्या आणि कोठे फसगत होते, याबद्दल मी गेल्या काही वर्षांत जे शिकलो ते सभासदांच्या उपयोगासाठी येथे देत आहे. बँकेत असताना एका खात्याची नोंद दुसऱ्या वहीशी ताडून पाहण्याची सवय लागली होती. इथे तीच उपयोगी पडली, कारण एकट्या कोणत्याही वहीवर विश्वास ठेवता येत नाही.

सुरुवात घरापासून

पहिली नोंद घरातच असते आणि ती म्हणजे श्राद्धाची तिथी. साल विसरले जाते, तिथी सहसा विसरली जात नाही. घरात कोणाचे श्राद्ध कोणत्या महिन्यात, कोणत्या पक्षात, कोणत्या तिथीला होत असे, हे सर्वांत वयस्कर व्यक्तीला, विशेषतः घरातल्या स्त्रियांना, विचारून लिहून घ्यावे. स्वयंपाक त्यांनी केलेला असतो, त्यामुळे त्यांना पक्के आठवते.

पितृपक्षातल्या काही तिथी स्वतःच माहिती सांगतात. भाद्रपद वद्य नवमी म्हणजे अविधवा नवमी, ही पतीच्या आधी वारलेल्या स्त्रीसाठी. द्वादशी संन्याशांची. चतुर्दशी शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची, म्हणून तिला घातचतुर्दशी म्हणतात. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. तेव्हा घरात कोणाचे चतुर्दशीला श्राद्ध होत असेल तर त्यामागे काही घडलेले असते, आणि ते विचारायला हवे.

महालयात केवळ वडील, आजोबा, पणजोबा एवढ्यांचाच उच्चार होत नाही. आईकडचे, काका, आत्या, मावशी, सासरे असे पुष्कळ जण येतात. त्यासाठी जुन्या घरांत नावांची एक यादी केलेली असे, बहुधा पंचांगात किंवा पोथीच्या बासनात ठेवलेली. पुरोहितांकडेही ती सापडते. त्यात पुरुषांच्या नावापुढे शर्मा किंवा वर्मा आणि स्त्रियांच्या नावाअखेर ‘दा’ जोडलेला असतो, हे लक्षात ठेवावे. नाहीतर पणजीचे नाव चुकीचे उतरवले जाईल.

ज्या घरांत श्राद्धविधी अशा पद्धतीने होत नाहीत तेथे देवघर पाहावे. अनेक मराठा आणि धनगर घरांत देवांच्या टाकांबरोबर पितरांचा किंवा वीराचा टाक असतो. त्यावर अक्षरे नसतात. पण वीराचा टाक म्हणजे घराण्यातला कोणी लढाईत पडला किंवा अवेळी गेला, एवढे तो सांगतो. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातून आलेल्या कुटुंबांनी आपल्या मूळ गावी हेळवी येतात का याची चौकशी करावी. वंशावळ सांगणे हाच त्यांचा परंपरागत व्यवसाय. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरी ते काही वर्षांनी येतात, जुनी नावे वाचून दाखवतात, नवी लिहून घेतात आणि धान्य किंवा दक्षिणा घेऊन पुढे जातात.

आमच्या घरातला न जुळणारा हिशेब

आमच्याकडे वडील असेपर्यंत दर वर्षी अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवायला असे. तिला खण-नारळ आणि जमेल तेव्हा साडी. मी लहानपणापासून हे पाहत आलो आणि कधी विचारले नाही. वडील गेल्यावर कागदपत्रे आवरताना लक्षात आले की आमची आजी आजोबांच्या मागे बरीच वर्षे होती. मग ही नवमी कोणाची?

नव्वदी उलटलेल्या आत्याला विचारले. ती म्हणाली, “अरे, नानांचं आधी एक लग्न झालं होतं. आई त्यांना थोरली म्हणायची. नवमीचं सगळं आईच बघायची, थोरलीच्या ताटात काही कमी पडता कामा नये म्हणून.” नाव? “थोरलीच म्हणायचो आम्ही. नाव कोणी घ्यायचंच नाही.” वडिलांचे पुरोहित त्यांच्याही आधी गेले होते आणि महालयाची यादी आमच्याकडे उरली नव्हती. म्हणजे साठ-सत्तर वर्षे ज्या बाईच्या नावाने घरात पान वाढले गेले, तिचे नाव घरात एकालाही ठाऊक नव्हते. त्यानंतर मी हा शोध गांभीर्याने घेतला.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, उज्जैन, प्रयाग, काशी, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. मराठी कुटुंबांसाठी नाशिकचे रामकुंड आणि माळव्यातल्यांसाठी उज्जैनचा रामघाट व सिद्धवट ही ठिकाणे आधी पाहावीत. हरिद्वारच्या अशा वह्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या उटाह येथील वंशशोधन संस्थेने करून घेतल्या आहेत, इतके त्यांचे मोल बाहेरच्यांनीही जाणले आहे. आपण मात्र अस्थिविसर्जनापुरते जातो आणि गाडी लावायला जागा कुठे मिळेल या चिंतेत परत येतो.

वही शोधली जाते ती आडनाव आणि मूळ गावावरून. येथे इंदूरकर, ग्वाल्हेरकर म्हणवून उपयोग नाही. पूर्वज दक्षिणेतून निघाले ते गाव कोणते, हे सांगावे लागते. एकाच आडनावाच्या चार गावांच्या चार वेगळ्या गाद्या असू शकतात. गाव ठाऊक नसेल तर कुलदैवत आणि गोत्र सांगावे, जाणते उपाध्याय त्यावरून अंदाज करतात. लेख बहुधा यजमानाच्या स्वतःच्या हातचा असतो: मी अमुक, वडील अमुक, आजोबा अमुक, भाऊ, मुलगे, कशासाठी आलो, तिथी आणि साल. जुने लेख मोडीत. मोडी वाचता येत नसेल तर परवानगी घेऊन पानाचा फोटो काढावा आणि जाणकाराकडून वाचून घ्यावा. परवानगी न विचारता मोबाईल काढू नये. त्या वह्या त्यांची उपजीविका आहेत, आणि काहींना याआधी वाईट अनुभव आलेले आहेत.

सिंहस्थाच्या वर्षांत लोक मोठ्या संख्येने येत, म्हणून त्या सालांची पाने आधी उघडायला सांगावीत. उज्जैनचे अलीकडचे सिंहस्थ १९८०, १९९२, २००४ आणि २०१६ चे. पुढचा २०२८ मध्ये आहे. त्या गर्दीत कोणालाही शंभर वर्षांपूर्वीची वही शोधून द्यायला वेळ मिळणार नाही, तेव्हा शोध घ्यायचा असेल तर त्याआधी, एखाद्या साध्या दिवशी सकाळी जावे.

आम्हाला आजोबांचा लेख उज्जैनला मिळाला, तिसऱ्या खेपेस. शाई तपकिरी झालेली होती, पण अक्षर ओळखू आले, कारण घराच्या खरेदीखतावर त्यांची सही मी पाहिली होती. पत्नीच्या अस्थी घेऊन आलो, असे लिहून तिचे सासरचे नाव, माहेरचे नाव आणि माहेरचे आडनाव, तिन्ही त्यांनी लिहिली होती. पुष्कळ वह्यांत बायकांची नावे नसतात किंवा ‘सौभाग्यवती’ एवढ्यावर भागवलेले असते. आजोबांनी का लिहिले असेल, हे आता कोण सांगणार! खाली मृत्यूची तिथी होती: वैशाख कृष्ण ११, संवत १९७६.

तिथीवरून तारीख काढताना

येथेच मी चुकलो, आणि ती चूक माळव्यातल्या प्रत्येक मराठी माणसाकडून होण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आपले मराठी पंचांग अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपतो. येथले स्थानिक पंचांग पौर्णिमान्त, महिना पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, पण वद्य पक्षात स्थानिक पंचांग एक महिना पुढे असते. पितृपक्ष आपल्याकडे भाद्रपद वद्यात, इथल्या शेजाऱ्यांकडे तोच आश्विन कृष्णात, तो याच कारणाने. उज्जैनच्या वहीतला ‘वैशाख कृष्ण’ म्हणजे आपला चैत्र वद्य. मी तो आपला वैशाख वद्य समजलो आणि मे १९१९ चा शेवटचा आठवडा काढून बसलो. खरी तारीख एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली होती. एका महिन्याच्या फरकाने मी एका कार्यालयात दोनदा जाऊन हात हलवत परत आलो.

सालांचेही असेच. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. इकडचा विक्रम संवत चैत्रात बदलतो, त्यातून ५७ वजा करायचे, आणि जानेवारीनंतर फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथीसाठी ५६. बडोद्याच्या सभासदांनी जपावे ते असे की गुजरातेतला संवत कार्तिकात बदलतो. त्यामुळे चैत्र ते आश्विन या काळात त्यांचा आकडा इकडच्यापेक्षा एकाने कमी असतो. उज्जैनला संवत १९७६ लिहिलेला तो एप्रिल बडोद्यात १९७५ असेल. हैदराबाद संस्थानच्या कागदांवर फसली साल असते, त्यात ५९० मिळवल्यास साल जवळपास येते. पेशवेकालीन कागदांतला सुहूर सन असेल तर मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तो सुहूर ११६१. त्यावर हिशेब ताडून पाहता येतो. त्याच लढाईची आपली तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे ७९ चा नियमही येथे पडताळता येतो.

अधिक मास आला असेल तर घोळ आणखी वाढतो. शिवाय मृत्यूची तिथी ही प्राण गेला त्या वेळची, पंचांगात दिवसासमोर छापलेली तिथी सूर्योदयाची. म्हणून काढलेल्या तारखेच्या मागचा आणि पुढचा दिवस धरूनच शोधावे.

नगरपालिकेची मृत्यू नोंदवही

सध्याची नोंदणी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली होते. त्याआधी ब्रिटिश मुलखात आणि संस्थानांत वेगवेगळी व्यवस्था होती, म्हणून जुन्या वह्यांचे रूप आणि भाषा शहरागणिक बदलते. हैदराबादेत उर्दू, बडोद्यात गुजराती, आपल्याकडे हिंदी किंवा मोडी यासाठी तयार असावे. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत कोटवार मृत्यूची खबर देत असे, महाराष्ट्रातल्या खेड्यांत कोतवाल पुस्तक आणि गाव नमुना १४ मध्ये नोंद होई. मूळ गाव महाराष्ट्रात असेल तर एक नवी सोय झाली आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा असे जुने कागद मोठ्या प्रमाणावर धुंडाळले गेले आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या प्रती चढवल्या गेल्या. ते काम वेगळ्या कारणासाठी झाले, पण आपल्या गावचे पान तेथे सापडू शकते.

१९६९ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणीही शुल्क भरून नोंदवहीत शोध घ्यायला सांगू शकतो आणि उतारा मागू शकतो. आपण नातेवाईकच आहोत हे सिद्ध करावे लागते, हा गैरसमज आहे. काउंटरवर तो पुष्कळदा ऐकायला मिळतो, तेव्हा अर्जातच कलमाचा उल्लेख करावा. अर्जात ‘१९१० ते १९२०’ असे लिहिले तर अर्ज धूळ खात पडतो. साल, महिना आणि शक्यतो आठवडा द्यावा. त्यासाठीच आधी तिथीची मेहनत. आणखी एक गोष्ट, मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण द्यायचे नाही असे कायद्यातच आहे. वाद घालू नये.

प्लेग आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या काळातल्या नोंदी अपुऱ्या असतात. लोक शहर सोडून माळावर झोपड्या टाकून राहत आणि तेथेच कोणी गेला तर लिहिणार कोण? इंदूरला त्या सुमारास आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी प्लेगविरुद्ध दिवाळीत मिरवणूक काढली होती, यावरून शहराची धास्ती किती होती ते समजते. त्या वर्षांत कोणाची नोंद नसली म्हणून ती व्यक्ती येथे वारली नाही, असा निष्कर्ष काढू नये.

तिसऱ्या खेपेस मी एप्रिल १९१९ मागितला. कार्यालयातला तरुण लिपिक सौजन्याचा होता. त्याने वही पुढ्यात घेतली, कारणाच्या रकान्यावर पट्टी ठेवली आणि मला समोर बसवून वाचून दाखवले. आजोबांचे नाव, त्यांची पत्नी, वय एकोणीस, आमच्या जुन्या गल्लीचे नाव. मी उतरवून घेत होतो. तो पान उलटता उलटता थांबला आणि म्हणाला, “अंकल, इसी पते का एक और है।” चार दिवसांनंतरची नोंद होती. मुलगा, नाव नाही, वय बारा दिवस, बापाचे नाव तेच.

पट्टी उचलायला मी त्याला सांगितले नाही. तशी गरजच उरली नव्हती.

आजोबांनी उज्जैनच्या वहीत त्या मुलाचा उल्लेख केलेला नाही. करण्याची रीतही नव्हती. इतक्या लहान मुलांना दहन देत नाहीत, पुरतात, त्यांचे श्राद्ध नसते, अस्थी नसतात, म्हणून तीर्थोपाध्यायांकडे आणि महालयाच्या यादीत ती येत नाहीत. आत्यालाही ते ठाऊक नव्हते. आपल्या वंशावळीत दोन भावंडांमध्ये सहा-सात वर्षांचे अंतर दिसले की आपण पुढे जातो. त्या अंतरात कोण होते हे सांगणारी नगरपालिकेची वही ही जवळजवळ एकमेव जागा आहे. म्हणून मृत्यूची नोंद सापडली की त्याच पत्त्याच्या मागच्या-पुढच्या दोन महिन्यांच्या नोंदी अवश्य पाहायला सांगाव्यात.

स्मशाने, छत्र्या आणि दफनभूमी

स्मशानातही नोंदवही असते: नाव, वय, पत्ता, कोणी आणले. आजकाल मृत्यू दाखल्यासाठी तिथली पावती लागते, त्यामुळे ती नीट ठेवली जाते. इंदूरचे पंचकुइया किंवा ग्वाल्हेरचे लक्ष्मीगंज येथे चौकशी करायला हरकत नाही, पण त्याहून मागे जाताना फार अपेक्षा ठेवू नये. मृत्यू नोंदवही ही नियमाप्रमाणे कायम जपायची असते, ती नष्ट करता येत नाही. म्हणून कष्ट तिच्यावर घ्यावेत.

छत्र्या सरदार घराण्यांच्या. मल्हारराव होळकर २० मे १७६६ रोजी आलमपूरला वारले, त्यांची छत्री तेथे आहे. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला, म्हणून त्यांची छत्री तिकडे. इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आपण रोज पाहतो. बडोद्याच्या गायकवाडांनी कीर्तिमंदिर बांधले. आपले पूर्वज अशा घराण्यांच्या पदरी असतील तर मालक जेथे वारला त्या गावी त्या काळात आपलेही कोणी होते का, याचा अंदाज छत्रीवरून बांधता येतो, त्याहून अधिक नाही.

ज्यांच्याकडे दफनाची चाल आहे, जसे लिंगायत, महानुभाव, नाथपंथी व गोसावी घराणी, त्यांनी मूळ गावच्या समाध्या पाहाव्यात. मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे काम तुलनेने सोपे. चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तीन नोंदी असतात आणि त्या एकमेकींशी ताडता येतात. जागेअभावी जुनी कबर पुन्हा वापरली गेली असली तरी नोंदवहीतले नाव राहते. कोकणातल्या बेने इस्रायल कुटुंबांसाठी अलिबागजवळचे नवगाव हे आद्य पूर्वजांच्या दफनाचे ठिकाण मानले जाते.

आपण स्वतः लिहिताना

तीर्थावर गेल्यावर उपाध्याय वही पुढे करतील तेव्हा घाईने सही करून उठू नये. मुलींची नावे, सुनांची माहेरची नावे आणि आडनावे, मूळ गाव, सध्याचे गाव, तिथी आणि तिच्याबरोबर इंग्रजी तारीख, एवढे स्वच्छ देवनागरीत लिहावे. महिना लिहिताना अमान्त की पौर्णिमान्त तेही लिहिले तर पुढच्याच्या दोन खेपा वाचतील. साधे बॉलपेन न्यावे, जेलची शाई ओल लागली की पसरते.

गेल्या अविधवा नवमीला आमच्याकडे पुन्हा सवाष्ण जेवायला होती. या वेळी नाव घेऊन संकल्प झाला. मुलाचे काय करायचे, हे पुरोहितांना विचारले. त्यांनी शास्त्रात तसे काही नाही असे सांगितले आणि थोडे थांबून म्हणाले, “ताटाशेजारी दुधाची वाटी ठेवा.” नातीला मी तिचा वंशवृक्ष परत पाठवायला सांगितला आहे, त्यात दोन चौकोन वाढवायचे आहेत.